हंपी : पाण्याच्या वाटेने पाहिलेली राजधानी

हंपीला गेलेले बहुतेक प्रवासी विरूपाक्षाचे दर्शन घेतात, विठ्ठल मंदिरातील दगडी रथापुढे छायाचित्रे काढतात आणि परततात. पहिल्या दिवशी आम्हीही तेच केले. दुसऱ्या दिवशी मात्र कमलापूरच्या तलावाकडून निघून जुने पाणी जिकडे गेले तिकडे चालत राहिलो, आणि १३३६ मध्ये स्थापन झालेल्या विजयनगरात माणसे कशी राहत असतील, याचा थोडा अंदाज आला.

राजवाड्याच्या परिसरात आज फक्त जोती उरली आहेत. वरचे बांधकाम प्रामुख्याने लाकडी असल्यामुळे १५६५ मध्ये दख्खनच्या सुलतानांकडून झालेल्या पराभवानंतरच्या लुटीत आणि जाळपोळीत ते नाहीसे झाले. दगडी खांबांवर पेललेली उघडी पन्हळ मात्र अजून उभी आहे. तिच्यातून पाणी पायऱ्यांच्या पुष्करणीपर्यंत येत असे. काळसर दगडाची ही पुष्करणी १९८० च्या दशकातील उत्खननात सापडली. पायऱ्यांच्या दगडांवर दिशा आणि थर दाखवणाऱ्या खुणा कोरलेल्या आहेत, म्हणजे दगड आधी घडवून, क्रम ठरवून येथे बसवले असावेत. मला हे गवंडीकाम रथाच्या नक्षीपेक्षाही अधिक बोलके वाटले.

जवळच महानवमी दिब्बा हा थराथरांचा उंच दगडी चौथरा आहे. त्याच्या थरांवर हत्ती, नर्तकी, शिकारी आणि घोडे घेऊन आलेले परदेशी व्यापारी कोरलेले आहेत, त्यामुळे घाईने माथा गाठण्याऐवजी त्याला सावकाश एक फेरी घालावी. पुढे भोजनशाला म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जागी पाण्याच्या पाटाच्या दोन्ही काठांवर दगडी ताटे मांडलेली आहेत आणि त्यांत वाट्यांसाठी खळगेही कोरलेले आहेत. जेवण झाल्यावर ताट तिथेच धुतले जात असेल, असे वाटल्यावाचून राहत नाही. १४४३ मध्ये आलेल्या अब्दुर रझ्झाक या इराणी दूताने लिहिले आहे की या शहरातील लोकांना गुलाब अन्नाइतकेच आवश्यक वाटत. विजयनगरकालीन तुर्तू कालव्याचे पाणी आजही केळीच्या बागांना मिळते.

विठ्ठल मंदिराचा गाभारा रिकामा आहे. पंढरीची मूर्ती विजयनगरला नेली होती आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी ती परत आणली, ही वारकरी परंपरेतील कथा आठवत आम्ही तिथे बराच वेळ उभे राहिलो.

आता व्यवहाराचे थोडे. मुक्काम होसपेटला केल्यास हंपी सुमारे तेरा किलोमीटरवर पडते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सोयीचा आहे. राजवाड्याचा परिसर सकाळी लवकर उरकावा. आम्ही तो दुपारी गाठण्याची चूक केली, आणि सावलीच नसल्याने तासाभरात माघार घेऊन उरलेला भाग संध्याकाळी पाहावा लागला. विरूपाक्ष मंदिरात अनवाणी जावे लागते आणि तापलेली फरशी चटके देते, म्हणून तेही सकाळीच करावे. विठ्ठल मंदिराचे तिकीट जपून ठेवावे, कारण त्याच दिवशी कमळ महालाच्या आवारात आणि कमलापूरच्या संग्रहालयातही तेच चालते. संग्रहालयात संपूर्ण परिसराची प्रतिकृती असल्याने खरे तर भटकंतीची सुरुवात तिथूनच करावी. फक्त शुक्रवारी ते बंद असते.