इंचांची शंभरी

मे महिन्यातल्या दुपारी, गोव्यातल्या माशेलसारख्या गावात, जेवण झाल्यावर माणसाने मुकाट आडवं व्हावं. मी मात्र मोजपट्टी घेऊन परसात फिरत होतो आणि घरातली मंडळी खिडकीतून बघत होती. घरगुती हवामान केंद्राचा खोका आला होता. पर्जन्यमापक, वारा मोजणाऱ्या वाट्या, दिशा दाखवणारं शेपूट आणि बशांची उतरंड रचावी तशी तापमापकाची पांढरी कोठी. जोडून झालं सगळं. पण लावायचं कुठे?

पर्जन्यमापकापासून झाड किंवा भिंत तिच्या उंचीच्या निदान दुप्पट लांब हवी. आमचे माड पन्नास फुटांच्या वरचे, म्हणजे चहूबाजूंनी शंभर फूट मोकळी जागा. ती शोधत गडग्यापर्यंत गेलो, तर पुढे शेजाऱ्यांच्या पोफळी. वारा तर दहा मीटर उंचावर मोजायचा म्हणतात. नारळ पाडणारा पाडेली सहज म्हणाला, "माडाक बांदूं?" त्याला नाही म्हणताना मला जरा वेळ लागला. तापमापक हिरवळीवर, साधारण माणसाच्या उंचीवर, चिऱ्यांच्या भिंतीपासून दूर, कारण दिवसभर तापलेला चिरा रात्रीही ऊब सोडत राहतो. ही झडपांची पांढरी कोठी मूळची टॉमस स्टीव्हन्सन यांची. स्कॉटलंडात दीपगृहं बांधणारे इंजिनिअर, कादंबरीकार रॉबर्ट लुईचे वडील. वारा आत यावा, ऊन येऊ नये, एवढंच त्यांचं मागणं. त्यांना माड माहीत नसावेत.

शेवटी कपडे वाळत घालायच्या तारेजवळ खांब उभा केला. गवंड्याची पाणसळ लावून पर्जन्यमापकाचं तोंड सपाट केलं, कारण आत दोन चिमुकल्या पळ्या असतात. एक भरली की कलंडते आणि दुसरी धारेखाली येते. दर कलंडीला ०.२ मिलिमीटर. तारेवर ओली चादर टाकायची नाही, असा फतवा मी काढला. तो कोणी पाळत नाही, त्यामुळे कधी कधी आमच्याकडे निरभ्र आकाशातूनही पाऊस पडतो.

आणि मिलिमीटर तरी कोणाला हवेत? गोव्यात पाऊस इंचातच पडतो. वर्तमानपत्रं इंच छापतात, बाजारात इंचांच्या गप्पा होतात आणि मोसमाची शंभरी भरली की शतक ठोकल्यासारखी बातमी येते. शंभर इंच म्हणजे २५४० मिलिमीटर. पण हा आकडा ऐकून कोणाच्या अंगावर शहारा येईल?

आजीला तर इंचही लागत नसत. तिचं माप विहिरीत होतं. चिऱ्यांनी बांधलेली विहीर, त्यामुळे थर वरून स्वच्छ दिसत. सकाळी कळशी सोडण्याआधी ती वाकून बघायची आणि जाहीर करायची, "आज दोन चिरे वर आलं." आम्ही रात्रभर कौलांवरचा ताशा ऐकलेला, आम्हाला वाटायचं चांगले पाच तरी आले असतील. पण जांभ्यातून पाणी झिरपत यायचं ते आपल्या सवडीने. एखाद्या दिवशी लख्ख ऊन पडलेलं असायचं आणि विहीर मात्र वर चढलेली. मग आजी कालच्या पावसाला आज शाबासकी द्यायची. काठावर वाकलेल्या आम्हा पोरांच्या चड्ड्या मागून घट्ट धरून ठेवायचं कामही तीच करायची, त्याचं माप कोणी घेतलं नाही.

आता मोजणीवरून माझं भांडण सत्तरी तालुक्यातल्या वाळपईच्या आतेभावाशी. सह्याद्रीच्या पायथ्याला असल्यामुळे त्यांच्याकडे पाऊस आमच्यापेक्षा जास्तच, हे मला मान्य आहे. पण तो ते ज्या आवाजात सांगायचा, ते मान्य नाही. शिवाय सरकारी दिवस सकाळी साडेआठला संपतो आणि माझ्या यंत्राचा मध्यरात्री, त्यामुळे एकच सर आम्ही दोघे वेगवेगळ्या तारखांना लावतो. यावरून फोनवर पुष्कळ तोंडं वाजली आहेत.

२०२१ च्या जुलैत म्हादईचं पाणी सत्तरीतल्या घरांत शिरलं. त्यानंतर आतेभाऊ स्वतःचा आकडा सांगत नाही. आषाढात रात्री जोर धरला की मीच फोन लावतो आणि विचारतो ते इंचांचं नसतं. नदी कुठवर आली, एवढंच.