सावलीतल्या कुंडीत वॉकिंग आयरिस

ज्या गॅलरीत सकाळचे कोवळे ऊन जेमतेम येऊन जाते, तिथे फुलझाड हवे असेल तर मी निःशंकपणे वॉकिंग आयरिस, म्हणजेच निओमारिका ग्रॅसिलिस सुचवीन. मूळचे ब्राझीलकडचे हे झाड मोठ्या झाडांखालच्या उजेडात वाढणारे असल्यामुळे दुपारच्या कडक उन्हात त्याची तलवारीसारखी पाने करपतात. कुंडीतली माती ओलसर असावी, पण तिच्यात पाणी साचू देऊ नये. मी तिच्यात शेणखत आणि कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, मिसळते.

फूल एकच दिवसाचे असते: सकाळी बाहेरच्या तीन पांढऱ्या पाकळ्या उघडतात, त्यांच्या तळाशी तपकिरी पट्टे दिसतात, आतल्या निळ्या पाकळ्या मागे वळलेल्या असतात आणि संध्याकाळपर्यंत सारे मिटते. तरीही बहर ओसरल्यावर दांडा कापण्याची घाई अजिबात करू नये, कारण त्याच्या टोकाशी नवे रोप धरते, त्याच्या भाराने दांडा हळूहळू वाकतो आणि माती लागली की तिथेच मुळे फुटतात. कुंडीतल्या झाडाला ही जमीन आपणच पुरवावी लागते. शेजारी दुसरी कुंडी ठेवून ते रोप तारेच्या आकड्याने मातीशी दाबून ठेवावे आणि हलकेच ओढल्यावर ते घट्ट लागले, तरच दांडा कापावा.