अबोलीची फुलं आणि काकींचा उजवा हात

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. म्हणजे अपघात झाला, लकवा मारला की त्यानंतर माणसाला परत हाताने जेवता यावं, वेणी घालता यावी, साडी नेसता यावी, चहाचा कप न सांडता तोंडापर्यंत नेता यावा यासाठी जे काम चालतं ते आमचं. मूळची मी सांगलीची, पण गेली सात वर्षं सिंधुदुर्गात नोकरी करतेय. आता मालवणी बऱ्यापैकी समजते, बोलायला गेले की मात्र पेशंट हसतात.

गेल्या मार्चमधली गोष्ट आहे. वेंगुर्ल्याकडच्या एक काकी होत्या, वय बासष्ट. मेंदूच्या डाव्या बाजूला स्ट्रोक, त्यामुळे उजवा हात-पाय लुळा आणि वाचा गेलेली. समोरच्याचं बोलणं बरंचसं कळायचं पण स्वतःचा शब्द काही फुटायचा नाही, नुसता 'आं' असा आवाज यायचा आणि मग त्या तोंड फिरवून घ्यायच्या. हातात थोडी ताकद परत येत होती हे तपासताना मला जाणवायचं, पण "काकी, ही खुंटी उचला" म्हटलं की हात नुसता पडून. पेगबोर्ड झाला, एकावर एक रचायचे प्लास्टिकचे कोन झाले, मळायची पुट्टी झाली, एकोणीस दिवस सगळं करून बघितलं आणि रोज फाइलमध्ये तेच लिहिलं, प्रतिसाद नाही. दोनदा तर त्यांनी डाव्या हाताने पेगबोर्ड लांब ढकलून दिला, आणि मला त्यांचा राग आला नाही, कारण रंगीत प्लास्टिकच्या खुंट्या भोकात घालायला सांगणं हे बासष्ट वर्षांच्या बाईला कसं वाटत असेल हे मलाही कळत होतं.

विसाव्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास लाइट गेली. आमची थेरपी रूम पत्र्याखाली आहे, पंखा बंद पडला की तिथे बसवत नाही, म्हणून मी काकींना व्हीलचेअरवरून मागच्या बागेत नेलं. बाग म्हणजे फार काही नाही, तगर, जास्वंद, थोडी कर्दळ, एक मोठं बकुळीचं झाड ज्याला इथे ओवळ म्हणतात, आणि भिंतीच्या कडेने अबोलीची ओळ. आमच्या माळीमामांनी लावलेली. मी खुर्ची अबोलीच्या बाजूला लावली ती फक्त तिथे सावली होती म्हणून, त्यात माझी काही आयडिया नव्हती हे मी आधीच सांगते, नंतर लोकांनी उगाच माझं कौतुक केलं.

मी ब्रेक लावून खुर्ची नीट करतेय तोवर काकींनी डावा हात लांब करून अबोलीच्या तुऱ्यावरून एक फूल अलगद ओढून काढलं. मग दुसरं. मग तिसरं, आणि मांडीवर एका दिशेने देठ करून ओळीत ठेवलं. मी बघतच राहिले. सून सोबत होती, ती म्हणाली, "मॅडम, सासू माझी वळेसार विकता बाजारात. तीस वर्सां झाली." वळेसार म्हणजे अबोलीचा गजरा.

आणि हे मला एकोणीस दिवस माहीत नव्हतं! केस पेपरवर व्यवसायाच्या पुढे लिहिलेलं होतं 'गृहिणी'. कुणी विचारलंच नव्हतं, मीसुद्धा नाही. ते मला अजून टोचतं.

माळीमामांनी कॅन्टीनच्या मागच्या केळीचं सोपट आणून, त्याचे बारीक दोरे काढून पाण्यात भिजवून दिले. काकींनी डाव्या पायातली चप्पल काढली, पाय पुढे केला आणि दोऱ्याचं टोक पायाच्या अंगठ्याला अडकवायची खूण केली. सुनेने अडकवलं. मी त्यांचा उजवा हात उचलून मांडीवर फुलांशेजारी ठेवला आणि मुद्दाम काहीही बोलले नाही. डाव्या हाताने दोन फुलं एका बाजूने, दोन दुसऱ्या बाजूने अशी देठाला देठ लावून त्यांनी उजव्या हाताजवळ नेली आणि उजव्या हाताचा अंगठा हलला. हळूच पहिल्या बोटाच्या कडेवर येऊन टेकला आणि मधे देठ धरून ठेवले. डाव्या हाताने दोऱ्याचा फेरा घेतला, फास ओढला. पहिल्या चारातली तीन फुलं चुरगळली. त्या थांबल्या नाहीत, परत चार घेतली.

ज्यांनी अबोली हातात धरलीय त्यांना माहितीय, तिची देठासारखी नळी दोऱ्याइतकी बारीक असते, जरा जास्त दाबली की मोडते आणि कमी दाबली की निसटते. किती जोर लावायचा हे ते फूलच बोटांना सांगत असतं. प्लास्टिकची खुंटी काहीच सांगत नाही, कितीही दाबा ती तशीच. आणि लोक म्हणतात ना की फुलांच्या वासाने बरं वाटतं, ते खरंय, पण अबोलीला तर वासच नसतो. इथे काम केलं ते स्पर्शाने आणि तीस वर्षांच्या सवयीने.

खुंटी उचला म्हटलं की काकींचा हात पडून राहायचा, याला आमच्याकडे अप्रॅक्सिया म्हणतात, डाव्या मेंदूच्या स्ट्रोकमध्ये बऱ्याचदा दिसतो. हातात थोडी ताकद असते, सांगितलेलं कळतं, पण हुकूम दिला की हाताला ती कृती जुळवता येत नाही. तोच माणूस खऱ्या प्रसंगात, खरी वस्तू समोर आली की बऱ्याचदा तीच कृती करून जातो. पुस्तकात मी हे शिकले होते, परीक्षेत लिहिलंही होतं. डोळ्यासमोर इतकं लख्ख कधी बघितलं नव्हतं.

पाचव्या-सहाव्या फेऱ्याला ओठ हलायला लागले. आधी मला वाटलं श्वास लागला, मी वाकून कान दिला तर त्या मोजत होत्या. "एक… दोन… तीन… चार." परत फास, परत एक-दोन-तीन-चार. नंतर आमच्या स्पीच थेरपिस्टने मला नीट समजावलं की मोजणं, वारांची नावं, आरती ही पाठ झालेली भाषा असते, ती वेगळ्या वाटेने येते, तेवढ्यावरून वाचा परत आली असं समजायचं नाही. बरोबर आहे. पण मग जे झालं ते पाठ केलेलं नव्हतं. सून मदत म्हणून फुलं जोडून द्यायला लागली आणि तिने देठ उलटे धरले, तर काकी एकदम कडाडल्या, "तसा नाय गो!"

वीस दिवसांत पहिलं वाक्य. सून ओंजळीतली फुलं तशीच टाकून सासूच्या गळ्यात पडली, आणि मीपण रडले, कामावर रडू नये म्हणतात पण रडले.

त्यानंतर आमची सगळी थेरपी बागेतच. पहिल्या दिवशी दहातली सात फुलं मोडायची, दोन आठवड्यांनी दहातली दोन. दुसरे पेशंटही यायला लागले. एक निवृत्त एसटी ड्रायव्हर होते, मनगटाचं ऑपरेशन झालेले, ते खाली पडलेली ओवळं गोळा करून गवताच्या काडीत ओवायचे, बकुळीच्या फुलाला मधे आपोआप भोक असतं, सुई लागत नाही. म्हणायचे की तेवढा वेळ दुखणं आठवत नाही. अर्थात सगळीकडे फुलं न्यायची नसतात, आयसीयूमध्ये आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्या पेशंटजवळ कुंड्या, ओली माती, फुलदाणीतलं पाणी नकोच, त्यात बुरशी आणि जंतू असतात. म्हणून तर बाग बाहेर हवी आणि पेशंटला तिथे नेणारं माणूस हवं.

याआधी मी जिथे नोकरीला होते तिथे अशीच छोटी बाग उखडून टू-व्हीलर पार्किंगसाठी पेव्हर ब्लॉक बसवले. मी मीटिंगमध्ये रॉजर उलरिच या संशोधकाचा १९८४ चा अभ्यास घेऊन गेले होते, 'सायन्स' या विज्ञानाच्या नियतकालिकात आलेला. पेनसिल्व्हेनियातल्या एका हॉस्पिटलात पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या ४६ पेशंटच्या नोंदी, निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसायची आणि निम्म्यांना विटांची भिंत. झाडंवाले लवकर घरी गेले आणि त्यांना जोरदार पेनकिलर कमी लागल्या. छोटा अभ्यास आहे, मान्य, पण नुसतं दिसण्याचा हा फरक! ऐकून घेतलं सगळ्यांनी, आणि पुढच्या महिन्यात पेव्हर बसले. तेव्हा माझ्याकडे सांगायला काकी नव्हत्या.

काकींचा हात पूर्ण आला नाही. जड उचलता येत नाही, बोलणंही तुटक आहे. जूनमध्ये फॉलोअपला आल्या तेव्हा सुनेच्या पिशवीत ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या अबोलीच्या चार फांद्या होत्या, त्यांच्या परसातल्या. काकींनी व्हीलचेअरच्या रॅम्पशेजारची मोकळी जागा बोटाने दाखवली, उजव्या हाताच्या बोटाने, आणि म्हणाल्या, "हंय लाव, बाय."

तीन जगल्यात.