मेढा-केळघर मार्गे महाबळेश्वर: भर पावसात साईटवर सोलर कॅमेरा टॉवर उभा केला, त्याचा वृत्तांत

मंडळी, जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात महाबळेश्वरच्या अलीकडे एका साईटवर ट्रॉलीवरचा सोलर कॅमेरा टॉवर (ट्रॉलीवर उभा खांब, त्यावर कॅमेरे, वीज सोलर पॅनल आणि बॅटरीची) लावून आलो. तिकडे पावसात बांधकाम बंदच असतं, पण सळई, सेंटरिंगच्या प्लेटा, जॅक, मिक्सर सगळं जागेवरच पडून राहतं आणि राखायला फक्त एक वॉचमन, आणि नेमकं चोरीला जातं ते याच तीन महिन्यांत. म्हणून मालकाने आम्हाला बोलावलं. कुणाला असंच काम करायचं असेल तर उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहितोय.

साताऱ्यातून पहाटे 5 ला निघालो, पिकअपच्या मागे ट्रॉली. मेढ्यात चहा-वडापाव, डिझेल तिथेच फुल केलं. केळघर घाटात धुकं इतकं की पुढच्या गाडीचा लाल दिवा दिसला तरच गाडी आहे हे कळायचं, त्यामुळे ट्रॉलीचे मागचे दिवे आणि रिफ्लेक्टर निघायच्या आधी तपासाच, आमचा एक दिवा लूज होता तो मेढ्यात नीट केला. घाटात दरडीचे दगड रस्त्यावर आलेले असतात, ट्रॉली मागे असताना अचानक कट मारता येत नाही, तेव्हा खालचा गिअर आणि घाई नाही. आदल्या दिवशी त्या रस्त्यावरच्या एखाद्या हॉटेलवाल्याला फोन करून रस्ता चालू आहे का ते विचारून घ्या.

साईटवर पोचलो तर ट्रॉलीचे जॅक लाल मातीत रुतायला लागले. चारही जॅकखाली जाड फळ्या टाकल्या मग कुठे ट्रॉली लेव्हलला आली. खांब हलू नये म्हणून जे ताण बांधतात त्यांच्या खुंट्या तर त्या मातीत धरतच नाहीत, पावसाने भिजली की हाताने उपटून येतात, म्हणून काँक्रीटचे ब्लॉक ठेवून त्यांना ताण बांधले. खांब 6 मीटरचा आहे पण आम्ही 4 वरच ठेवला. सोलर पॅनल म्हणजे वाऱ्यात शीडच होतं, जोराचा वारा असेल तर ते आडवं करून ठेवा.

आता मुख्य गोष्ट. टॉवर कुठे उभा करायचा ते मी मोबाईलवरच्या नकाशात ठरवून गेलो होतो, गेटकडे तोंड करून. वॉचमन मामा म्हणाले, "दादा, ह्यो डोळा पश्चिमेला ठेवू नका, पाऊस तिकडनंच येतो. आमच्या घरांस्नी पत्रं कुठल्या बाजूला ठोकल्यात बघा की." बघितलं तर खरंच, आजूबाजूच्या घरांच्या पश्चिमेच्या भिंतींनाच प्लॅस्टिक आणि पत्रे मारलेले. मग टॉवर उलट पश्चिम कडेला नेला आणि कॅमेऱ्यांची तोंडं पूर्वेला केली. एकच कॅमेरा गेटसाठी पश्चिमेकडे राहिला आणि दोन दिवसांत त्याच्याच काचेवर पाण्याचा पडदा, बाकीचे स्वच्छ.

पहिल्या रात्री झोप नाही. फोनवर अलर्टवर अलर्ट, सगळे पावसाच्या थेंबांचे, आयआरच्या (रात्री दिसावं म्हणून कॅमेरा टाकतो त्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेड) उजेडात थेंब आणि धुकं पांढरंफटक दिसतं आणि कॅमेऱ्याला वाटतं कोणीतरी हललं. दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्यातला आयआर बंद करून वेगळा आयआर दिवा बाजूला अडीच मीटर लांब लावला, आणि साधं मोशन बंद करून फक्त माणूस आणि गाडी ओळखायचं सेटिंग ठेवलं. खूप फरक पडला. थर्मल (उष्णतेवरून चित्र दाखवणारा) कॅमेरा घ्या असं काही जण सांगतात, पण दाट धुक्यात त्याचीही रेंज कमी होते.

दुसरी भानगड केबल जातात त्या बॉक्सची. डबा आयपी66 (धूळ-पाणी आत न जाण्याचा दर्जा), तरी सकाळी उघडला तर आत झाकणाला दवाचे थेंब. केबलचं एक ग्लँड (केबल डब्यात जाते तिथलं आवळायचं बूच) आम्ही वरच्या बाजूला पाडलं होतं, तिथून पाणी झिरपलं. ग्लँड कायम खालून घ्या, आणि केबल आत जायच्या आधी खाली झोल देऊन मग वर न्या म्हणजे पाणी झोलावरून गळून जातं. आयपी66 ची टेस्ट जोराच्या फवाऱ्याची असते आणि ती काही मिनिटांची, चार महिन्यांच्या दमट हवेची नाही. जुलै 2021 मध्ये महाबळेश्वरात 24 तासांत 594 मिमी पाऊस झाला होता, तो आकडा डोक्यात ठेवूनच डबा निवडा आणि आत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाका.

बॅटरीचा हिशोब मात्र कागदावर करा. आमचा लोड सगळा मिळून 50 वॉटच्या आसपास, म्हणजे दिवसाला 1200 वॉट-अवर. पॅनल 660 वॉटचं, उन्हात आरामात पुरतं, पण त्या धुक्यात दिवसभरात जेमतेम 350 मिळाले. म्हणजे रोज 850 ची तूट. आमची लिथियम बॅटरी 24 व्होल्ट 200 एएच (अँपिअर-अवर), वापरायला साधारण 4300 मिळतात, म्हणजे 5 दिवस. लेड-ॲसिड असती तर निम्मीच वापरता येते, 3 दिवसांतच बसली असती. मग आम्ही फिरणाऱ्या कॅमेऱ्याचं रात्रभराचं पेट्रोलिंग बंद केलं, एनव्हीआर (सगळ्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा) काढला, रेकॉर्डिंग कॅमेऱ्याच्या कार्डवर घेतलं, लोड 30 वर आला आणि तेवढीच बॅटरी 11-12 दिवस ओढते. वर चार्जिंगला छोटा जनरेटर ठेवलाय, तो शेडच्या आत कधीही चालवायचा नाही, बंद जागेत त्याच्या धुराने माणूस झोपेतच जातो, हे मामांना दोनदा समजावलं.

नेटवर्कसाठी दोन कंपन्यांची सिम घ्या आणि रेंज खांबाच्या उंचीवर तपासा, जमिनीवर आणि वर खूप फरक असतो. साध्या सिमला बहुतेक वेळा पब्लिक आयपी (बाहेरून थेट पोचता येईल असा इंटरनेटचा पत्ता) मिळत नाही, म्हणून पोर्ट फॉरवर्डिंगच्या (बाहेरून कॅमेऱ्यापर्यंत थेट वाट उघडायच्या) नादी लागू नका, क्लाउड ॲप वापरा. तिथे लाईट गेली की काही वेळाने मोबाईल टॉवरही जातो, म्हणून कार्डवरचं रेकॉर्डिंग हवंच. अर्थिंग आत्ताच करून घ्या, कारण आपल्याकडे विजा जास्त कडाडतात त्या मे महिन्यात आणि परतीच्या पावसात, तेव्हा धावपळ नको.

निघताना मामा म्हणाले, "माझ्या शेडच्या वाटंवर एक लावा की. रात्री गवं येत्यात." मला हे सुचलंच नव्हतं, आम्ही सगळे कॅमेरे मालाकडे लावले होते आणि माणूस अंधारात एकटा. स्टीलच्या ढिगाकडचा एक काढून वाटेवर लावला, मालकाशी फोनवर बोलून घेतलं, तो लगेच हो म्हणाला. मामांच्या मोबाईलवर ॲप टाकून दिलं. फक्त मजुरांच्या झोपड्या आणि पाण्याची टाकी फ्रेममध्ये येणार नाही एवढं बघा, तिथे बायका आंघोळीला, कपडे धुवायला असतात.

पाचव्या रात्री मामांनी फोटो पाठवला, वाटेवर दोन गवे उभे, आणि खाली व्हॉइस मेसेज, "बघून मग भायेर आलो." पुढचा फेरा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आहे, गेटच्या कॅमेऱ्यावर पत्र्याची मोठी टोपी बसवायची आहे आणि सिलिकाच्या पुड्या बदलायच्या आहेत.