आमची वाटचाल : तीन आकडे आणि अर्धं बिल

२०१२ ला भोसरीत एका वर्कशॉपच्या माळ्यावर दोन सेकंडहँड कॉम्प्युटर टाकले, मी आणि माझा मेव्हणा, काम म्हणजे मशीनच्या भागांवर किती ताण येतो ते कॉम्प्युटरवर काढून देणं, खाली पॉवर प्रेस धडधडायची आणि वर मॉनिटर हलायचा. लायसन्सवाल्या सॉफ्टवेअरचे रेट ऐकूनच घाम फुटला म्हणून कॅलक्युलिक्स घेतलं, तेही ताण काढायचंच सॉफ्टवेअर, पण फुकट. पहिली दोन वर्षं ब्रॅकेट नि फिक्स्चर, उधारीच जास्त, सोडा.

मग खालच्याच शेठनी बोलावलं. सी फ्रेम प्रेस, म्हणजे इंग्रजी सी अक्षरासारख्या सांगाड्याची, फ्रेम जिथे आत वळते त्या कोपऱ्यात क्रॅक. डीपी, म्हणजे क्रॅक दाखवणारी रंगाची फवारणी, मारली तर पांढऱ्या डेव्हलपरवर लाल रेघ, बोटाच्या पेराएवढी. "अजून किती चालेल सांगा," एवढाच प्रश्न.

मॉडेल केलं, मेश मारली, म्हणजे मॉडेलचे छोटे तुकडे, एलिमेंट, पाडले, क्रॅकच्या टोकाला स्ट्रेस, म्हणजे ताण, १८० मेगापास्कल. मेव्हणा म्हणाला मेश बारीक करू म्हणजे नीट आकडा येईल, एलिमेंट निम्मं केलं तर २५५, परत निम्मं केलं तर ३६०, आणि आम्ही शहाणे प्रत्येक वेळी खाली जाऊन शेठना नवा आकडा सांगून येत होतो. शेवटी ते म्हणाले, "अहो साहेब, मशीन तेच, क्रॅक तीच, आकडा रोज वाढतोय, बिल पण असंच वाढणार का?" बिल अर्धंच मिळालं, आणि खरं सांगायचं तर तेही जास्तच होतं.

चूक सॉफ्टवेअरची नव्हतीच. इलास्टिक, म्हणजे जोर काढला की मूळ आकारात येणाऱ्या, मटेरियलमध्ये धारदार क्रॅकच्या टोकाला स्ट्रेस गणितानेच अनंत होतो, टोकापासूनचं अंतर निम्मं केलं की तो १.४१ पट, आमचे आकडे बरोब्बर त्याच पटीत चढत होते! अर्विन नावाच्या शास्त्रज्ञांनी १९५७ मध्येच वाट दाखवली होती, टोकावरचा आकडा मागूच नका, टोकाजवळ स्ट्रेस किती जोरात चढतो त्याचं माप घ्या, त्या मापालाच के म्हणतात. कॉलेजात हे एका लेक्चरमध्ये उरकलं होतं, मी बहुतेक कॅन्टीनमध्ये होतो.

आणि के काढायची युक्ती इतकी सोपी की राग येतो. टोकाभोवती त्रिकोणी एलिमेंट पाकळ्यांसारखी मांडायची आणि टोकाला येणाऱ्या बाजूंचा मधला नोड, म्हणजे एलिमेंटचा बिंदू, उचलून टोकापासून पाव अंतरावर ठेवायचा, बस. नुसत्या त्या सरकवण्याने स्ट्रेस जसा चढायला हवा तसा चढतो, ही आयडिया १९७५-७६ पासूनची. मोठ्या प्लेटच्या कडेला १० मिमी क्रॅक, १०० मेगापास्कल ताण, हाताने के येतो १९.९, आमचा आला १९.७. त्या रात्री माळ्यावर वडापाव पार्टी.

आता क्रॅक वाढताना दाखवायची असेल तर एक्सफेम वापरतो, १९९९ मधलं तंत्र, क्रॅक थेट एलिमेंटच्या पोटातून जाऊ शकते, दर पावलाला मेश नव्याने मारायची कटकट नाही. माणसं सहा झालीत, माळा सुटला.

पण शेठच्या मिस्त्रींनी तेव्हाच क्रॅकच्या टोकाला ड्रिल मारून ठेवलं होतं. टोक बोथट, जोर कमी, एकदम बरोबर. फक्त होल टोकाच्या अलीकडे पडलं तर उपयोग शून्य, क्रॅक पुढे चालूच. म्हणून साइटवर निघताना लॅपटॉपच्या आधी डीपीचे तीन डबे बॅगेत टाकतो.