पाच चेंबर, एक काडतूस

टूसॉनजवळच्या वाळवंटातील एका खुल्या शूटिंग रेंजवर मी प्रशिक्षक म्हणून काम करतो. जानेवारी लागला की आमच्याकडे मोठ्या रिव्हॉल्व्हरवाल्यांची रीघ लागते, कारण ॲरिझोनात हावेलिनाच्या शिकारीचा एक हंगाम केवळ हँडगन, धनुष्यबाण आणि तोंडाकडून दारू ठासायच्या बंदुकांसाठी राखून ठेवलेला असतो. हावेलिना रानडुकरासारखा दिसतो, मात्र तो डुकरांच्या कुळातला नव्हे. वजन वीस-पंचवीस किलोंच्या आत, नजर अधू, आणि वाऱ्याची दिशा सांभाळून दबकत गेल्यास त्याच्या बरेच जवळ पोहोचता येते. त्याच्यासाठी .357 मॅग्नम हे रिव्हॉल्व्हरचे मध्यम ताकदीचे काडतूस पुरून उरते. तरीही माणसे येतात ती .454 कॅसूल नाहीतर .500 मॅग्नम अशा कितीतरी दणकट काडतुसांची रिव्हॉल्व्हरे घेऊन, कारण दुकानातल्या विक्रेत्याने त्यांना हावेलिनाऐवजी अस्वलाच्या गोष्टी सांगितलेल्या असतात.

ज्यांच्याविषयी लिहितो आहे ते गृहस्थ साठी ओलांडलेले, काँक्रीटच्या कामांवर मुकादमी करून निवृत्त झालेले आणि माझ्या दुप्पट रुंद पंजाचे होते. रिव्हॉल्व्हर .500 मॅग्नमचे, नवे कोरे. हे काडतूस स्मिथ अँड वेसनने 2003 साली बाजारात आणले आणि त्याच्यासाठी मुद्दाम मोठी चौकट घडवावी लागली. तिच्या सिलिंडरमध्ये, म्हणजे काडतुसे धरणाऱ्या फिरत्या नळकांड्यात, सहाऐवजी पाचच चेंबर बसतात. सुमारे 26 ग्रॅमची गोळी सेकंदाला पाचशे मीटरच्या आसपास वेगाने निघते, तिच्यामागून जळत्या दारूचा वायू त्याहून कितीतरी वेगाने बाहेर पडतो, आणि या सगळ्याचा हिशेब दोन किलोंच्या हत्याराला उलट दिशेने चुकता करावा लागतो. साध्या 9 मिमी पिस्तुलाच्या तुलनेत मागे येणारी ऊर्जा दहापटीच्या घरात जाते. शिवाय नळी मुठीच्या बरीच वर असल्यामुळे हा धक्का सरळ मागे न येता नळीचे तोंड आकाशाकडे फेकतो.

या जातीच्या रिव्हॉल्व्हरवर नव्या माणसाला पहिल्यांदा एकच काडतूस द्यायचे, हा माझा शिरस्ता आहे. गृहस्थांना तो अपमान वाटला. माझा एक सहकारी अशा वेळी पाचही चेंबर भरून देतो आणि गिऱ्हाइकाचे तोंड टिपायला मोबाइल काढतो. त्याच्या रांगेत हशा पिकतो आणि बक्षिशीही मिळते. मी एकच दिले.

त्यांनी घोडा मागे ओढून नेम धरला आणि चाप दाबला. नळी वर गेली, डावा हात मुठीवरून सुटला, आणि नळी जवळजवळ डोक्यावर पोहोचली असताना मला ‘टक्’ असा दुसरा, बारीक आवाज आला. कानात बोळे आणि वर कर्णकवच असे दुहेरी संरक्षण असताना तो ऐकू येणे कठीणच, पण मी त्याच आवाजाच्या शोधात उभा असतो. घोडा रिकाम्या चेंबरवर पडला होता. तिथे काडतूस असते, तर दुसरी गोळी तिला अडवायला बांधलेल्या मातीच्या बंधाऱ्यावरून कुठे गेली असती ते सांगता येत नाही. मनगट आणखी थोडे वळले असते, तर ती त्यांच्याच कपाळाकडे आली असती.

“मी दुसऱ्यांदा चाप ओढलाच नाही,” ते म्हणाले, आणि ते खरेच बोलत होते. त्यांना ते कळलेच नव्हते. मी सिलिंडर बाहेर काढून दाखवले: उडालेले काडतूस नळीच्या रेषेत नव्हते, एक घर डावीकडे सरकले होते, आणि चाप पूर्ण ओढल्याखेरीज ते तसे सरकत नाही. त्यांना वाटले, यंत्रात दोष असेल. यंत्र निर्दोष होते. डावा हात सुटताच उजव्या पंजाने निसटते हत्यार वाचवण्यासाठी सगळी बोटे एकदम आवळली आणि तर्जनीही त्यांच्याबरोबर आवळली गेली. दुसऱ्या वेळी घोडाही चापानेच मागे न्यावा लागतो, म्हणून ती ओढ बरीच जड असते हे खरे, पण आयुष्यभर सळया वाकवलेल्या पंजाला ती काय जाणवणार? ताकदीने धक्का आवरतो ही सार्वत्रिक समजूत आहे, आणि धिप्पाड माणसांवर मी अधिक बारीक लक्ष ठेवतो ते त्यामुळेच.

मग मी ते रिव्हॉल्व्हर बाजूला ठेवून .44 मॅग्नमचे एक जुने काढले आणि त्यात .44 स्पेशलची मवाळ काडतुसे भरली. आधी मूठ. उजवा पंजा मुठीच्या पाठीवर जमेल तेवढा वर, नळी आणि कोपर एका रेषेत. डाव्या हाताची बोटे उजव्या बोटांवर घट्ट गुंडाळलेली, आणि आवळण्याचे काम मुख्यतः डाव्याचे, म्हणजे उजव्या तर्जनीला मोकळीक राहते. डावा अंगठा उजव्या अंगठ्यावर आडवा, पुढे कधीच नाही, कारण सिलिंडर आणि नळी यांच्या फटीतून जो तप्त वायू निघतो तो अंगठा कापू शकतो. कोपरे किंचित वाकलेली ठेवायची, म्हणजे धक्का मनगटात न साचता खांद्यापर्यंत वाटला जातो. नळी वर जाणारच. तिला दाबून धरायचे नसते, दोन्ही हातांनी तिच्यासोबत वर जाऊन तिला परत आणायचे असते.

यानंतरचा भाग मात्र मी कोणत्याही मॅग्नमवर शिकलेलो नाही. पुण्यात बालेवाडीला दहा मीटर एअर पिस्तूल मारत असताना आमचे प्रशिक्षक गोळी सुटल्यावरही चाप मागेच दाबून ठेवायला लावत. एअर पिस्तुलाला धक्का नसतोच म्हटले तरी चालेल, त्यामुळे तेव्हा ते निव्वळ कर्मकांड वाटे. इथे त्याचा यांत्रिक उपयोग आहे: चाप मागे धरलेला असेपर्यंत यंत्रणा पुन्हा जुळत नाही, आणि जुळल्याशिवाय दुसरा बार होऊच शकत नाही. नळी खाली येऊन नेमाच्या रेषेत बसेपर्यंत चाप सोडायचा नाही, एवढे गृहस्थांकडून मी घोटून घेतले.

त्यांना न सांगता मी काही चेंबरमध्ये नकली काडतुसे मिसळली. एसटीत ड्रायव्हरमागे बसलेला माणूस घाटाच्या वळणावर नसलेला ब्रेक दाबतो, तशी त्यांची नळी नकली काडतुसावर खाली झुकली. धक्का येण्याआधीच शरीर त्याला उत्तर देत होते. यावर स्नायूंचा काही उपाय नाही. हलकी काडतुसे, थोडे बार आणि हाताला थरथर सुटायच्या आत थांबणे, एवढाच आहे. पुढच्या आठवड्यांत झोक बराचसा गेला. ‘टक्’ पुन्हा ऐकू आला नाही.

मी त्यांना .500 विकून टाकायचा सल्ला दिला. त्यांनी तो मानला नाही, त्यांच्या अंगठ्याच्या सांध्याला आधीच सूज असूनही. हंगामात निदान एकच काडतूस भरेन, असे मात्र ते म्हणाले. राज्याकडून शिकारीचा परवाना घेताना प्रौढ माणसाला नेमबाजीची कोणतीही परीक्षा द्यावी लागत नाही, तेव्हा त्यांनी तिथे काय केले हे पाहणारे कोणी नव्हते. मला अजून ठरवता येत नाही की त्यांना त्या रिव्हॉल्व्हरची सवय करून दिली हे बरे केले, की शिकवणेच नाकारायला हवे होते. नाकारले असते, तर ते सरळ माझ्या सहकाऱ्याच्या रांगेत गेले असते.

मी व्यवस्थापकाला लेखी दिले की पहिल्या फेरीत एकच काडतूस हा नियम सगळ्यांना लागू करावा. त्यांनी तो .500 पुरता फलकावर लावला. .454 आणि त्याच जातीचे .460 त्यात नाहीत, आणि त्यांवरून आमचा वाद चालू आहे.