मक्याचा लॉट अफलाटॉक्सिनच्या चाचणीतून पार पडला तो असा

अफलाटॉक्सिन म्हणजे बुरशीचं विष. पहिला रिपोर्ट 6 पीपीबी (अब्जात सहा भाग). तोच मका कोंबडीखाद्याच्या कारखान्याच्या फाटकावर 34 निघाला आणि ट्रक माघारी आला. सिल्लोडकडचा खरीप मका, 100 क्विंटल, 200 पोती. कारखान्याची मर्यादा 20. दोन्ही चाचण्या आपापल्या जागी बरोबर होत्या, घोळ माझ्या नमुन्यात होता: दारालगतच्या पाच पोत्यांतून मूठ मूठ काढली होती.

20 पीपीबी म्हणजे टनाला 20 मिलिग्रॅम. टनभर मक्यात पस्तीसेक लाख दाणे असतात. विष त्यातल्या मोजक्याच दाण्यांत असतं, पण तिथे ठासून भरलेलं. असा एखादा दाणा मुठीत आला तर आकडा उडतो, नाही आला तर लॉट ‘स्वच्छ’.

दुसऱ्या वेळी युरोपचा नियम धरला. 3 टनांहून जास्त, 10 टनांपर्यंतच्या लॉटला 40 जागा, प्रत्येक जागी सुमारे 100 ग्रॅम, एकूण 4 किलो. थप्पीच्या वरून, मधून, तळातून, भिंतीकडच्या पोत्यांतूनही. त्यासाठी थप्पी मोडावी लागते, हमालीचा खर्च येतो, तो टाळू नये. नमुना कापडी पिशवीत भरला. प्लॅस्टिकमध्ये ओलसर दाणा घामेजतो आणि प्रयोगशाळेत पोचेपर्यंत बुरशी वाढत राहते.

दळण्याआधी नमुना कमी करू नका, हे मी कुणालाही पहिलं सांगेन. चारही किलो दळायचे, इतके बारीक की बहुतेक पीठ 20 मेशच्या (इंचाला 20 भोकं) चाळणीतून गेलं पाहिजे. नीट कालवायचं आणि मग त्यातले 50 ग्रॅम घ्यायचे. त्यात 70 टक्के मिथेनॉल 250 मिली, तीन मिनिटं जोरात हलवून गाळायचं आणि अफलाटॉक्सिन मोजणाऱ्या चाचणी-पट्टीच्या सूचनेप्रमाणे पुढे जायचं. आधीच्या नमुन्याचं पीठ गिरणीत राहिलं तर पुढचा आकडा त्याचाच. 365 नॅनोमीटरच्या जांभळ्या दिव्याखाली फुटके दाणे हिरवट-पिवळे चमकतात, पण ती चमक बुरशीच्या कोजिक आम्लामुळे येते. संशयापुरती ठीक, तिच्यावर सौदा करू नये.

नीट नमुन्याचा आकडा आला 27.

मग चाळणी. पावणेपाच मिलिमीटरच्या गोल भोकांतून चुरी, फुटके आणि किडके दाणे खाली पाडले. विष बहुतेक तिथेच साठतं, कारण साल फुटलं की हे विष करणाऱ्या बुरशीला, अस्परजिलस फ्लेव्हसला, वाट मोकळी. जवळपास तीन क्विंटल निघालं. पुन्हा 40 जागा, पुन्हा 4 किलो: 12. लॉट गेला.

पाडलेली चुरी गाईपुढे टाकायची नाही. मक्यातलं अफलाटॉक्सिन बी1 खाल्लेल्या जनावराच्या दुधात त्याचंच बदललेलं रूप, एम1, उतरतं आणि दुधाची मर्यादा किलोला 0.5 मायक्रोग्रॅमच आहे. भाजून, शिजवूनही हे विष पुरतं जात नाही. 1974 मध्ये राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहालच्या आदिवासी गावांत पावसात भिजलेला बुरसट मका खाऊन 397 जण आजारी पडले, 106 दगावले. आमची चुरी खड्ड्यात पुरली, चाळणाऱ्यांना मास्क दिले.

मुळात हे सगळं वाढलं खळ्यावर. तुरा-केसराच्या वेळी पावसाने ताण दिला, कणसांत अळ्या होत्या, त्यामुळे बुरशी शेतातूनच आली होती. तरी 22 टक्के ओलाव्याचा मळलेला मका दोन रात्री ताडपत्रीखाली ढिगात राहिला, तिथे ती फोफावली. उन्हात तापलेला ढीग तसाच झाकला की आतली वाफ ताडपत्रीला लागून परत दाण्यावर ठिबकते. आता चार-पाच सेंटीमीटरचा थर, तासातासाला पालटणं, आणि संध्याकाळी निवल्यावरच झाकणं. 22 वरून 13 टक्क्यांवर आणताना 100 क्विंटलचे 89.7 उरतात. दहा क्विंटल घट दिसते म्हणून ओला माल विकायची घाई होते, आणि व्यापारी ओलाव्याची कपात लावतोच.

मीटरवरही लगेच विसंबू नका. दिवसभर वाळलेला दाणा बाहेरून कोरडा, आत ओला असतो. संध्याकाळी 13 दाखवलेला मका बंद बरणीत रात्रभर ठेवला की सकाळी जास्त दाखवतो, तो आकडा खरा. मीटर नसेल तर कोरड्या बाटलीत चमचाभर कोरडं मीठ, तिसरा हिस्सा मका, मिनिटभर हलवून पंधरा मिनिटं ठेवायचं. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा 15 च्या वर आहे.

एक मात्र या रिपोर्टमध्ये कधीच दिसत नाही. दाण्याच्या माथ्यावर पांढऱ्या रेषांचं चक्र किंवा कणसावर गुलाबी-पांढरी बुरशी असेल तर ती फ्युझेरियम, तिचं विष फ्युमोनिसिन. त्याची पट्टी वेगळी, पैसे वेगळे. घोड्यांना ते घातक, म्हणून घोड्यांचा खुराक करणाऱ्याला मका द्यायचा असेल तर ती आधी लावावी.